डावीकडची दांडी

मशीन घरी आलं त्या संध्याकाळी रेवतीचा फोन आला. रेवती माझी मुलगी, बंगळुरूला असते.

"बाबा, लेथ म्हणजे ते कारखान्यातलं? त्याचं करणार काय तुम्ही?"

"कातणार."

"काय?"

"लोखंड. पितळ. मिळेल ते."

तिनं विषय बदलला. मला उगाचच बरं वाटलं. या वयात माणसानं एक तर भजनी मंडळात जावं नाहीतर मुलीकडे राहायला जावं, अशी लोकांची समजूत आहे. आणि ती समजूत पटवायला घरी येणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे.

खरं कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. माझी बायको शारदा वारल्यापासून घरात आवाज उरला नव्हता. टीव्ही होता, पण टीव्हीतली माणसं एकमेकांशी भांडतात, माझ्याशी कोणी बोलत नाही. दुपारी कुकरच्या शिट्ट्या मीच मोजायचो आणि मीच गॅस बंद करायचो. कधी कधी दूधवाल्याशी सोडून अख्ख्या दिवसात तोंडातून शब्द निघायचा नाही. मला एक घरघरणारी वस्तू हवी होती. जिच्यासमोर उभं राहिलं की हात गुंततील आणि कान भरतील, अशी.

खामगावातल्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मी सहायक होतो. लोक मला सर म्हणतात. एकही तास मी आयुष्यात घेतलेला नाही. पण उपकरणं माझ्या हातून गेली आहेत आणि मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय हाडात मुरली आहे. थर्मामीटर लावल्याशिवाय मला ताप आलाय हेसुद्धा मी मानत नाही. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

लेथ मला कडूबाच्या भंगाराच्या दुकानात दिसला. खामगावात जिनिंगचे कारखाने जुने, त्यामुळे इथल्या भंगारातही वजनदार माल येतो. ताडपत्रीखाली हिरव्या रंगाचं, लांबट, गुरासारखं बसलेलं ते मशीन मी पाहिलं आणि मन तिथंच अडकलं. कंपनीची पाटी उपटलेली. कोणती दांडी कशासाठी ते सांगणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्याही गेलेल्या, नुसती खिळ्यांची भोकं उरलेली.

"याचं पुस्तक असेल ना काही?" मी विचारलं.

"कायचं पुस्तक सर," कडूबा म्हणाला. "हलवा अन् पाहा. मशीन काही चावत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे चावते. पन इचारून चावते."

माणसं लावून, खाली पाइप टाकून ते लोटत लोटत माझ्या स्कूटरच्या शेडमध्ये आणलं. शेड स्वयंपाकघराच्या मागे, मध्ये फक्त छोटं अंगण. घराला सिंगल फेज लाइट, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून मोटर बदलून घेतली. तो गेला, आणि मी आणि मशीन एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

प्रयोगशाळेत करायचो तसंच करायचं ठरवलं. एका वेळी एकच दांडी. मोटर बंद. लोखंडाचा तुकडा पकडणारा जो तीन जबड्यांचा गोल असतो, ज्याला चक म्हणतात, तो हातानं फिरवायचा आणि दुसरीकडे काय हलतं ते पाहायचं. खुणेसाठी काही हवं होतं. शारदाच्या कपाटात टिकल्यांची पाकिटं तशीच पडून होती. कळलेल्या दांडीला मी टिकली लावत गेलो. वेग बदलणाऱ्या दांडीला हिरवी. हत्यार आपोआप पुढे सरकवणारीला लाल, कारण ती घातकी. पहिल्यांदा चुकून मोटर चालू असताना मी तिला हात लावला, तर हत्यार धरलेला अख्खा गाडा थेट फिरत्या चककडे धावला. मी बटण दाबलं तेव्हा दोघांमध्ये बोटभर जागा उरली होती. त्याहून जास्त वाईट हे वाटलं, की "अगं, आज वाचलो बघ" म्हणायला घरात कोणी नव्हतं. त्या दिवशी मशीनवर मेलो असतो तर दूधवाल्याला कळलं असतं, तेही दुसऱ्या दिवशी.

पण कळत गेलं. दाबून चालतं, ओढून चालतं, अर्ध्यावर ठेवलं तर दात खातं, असं एकेक करून ते लोखंड माझ्या ओळखीचं झालं. बऱ्याच दिवसांनी मी रात्री झोपताना उद्याचा विचार करू लागलो. आपल्याला उद्या आहे ही भावना फार चांगली असते.

एक दांडी मात्र राहिली. चकच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूनं, हात लांब केल्याशिवाय सापडणार नाही अशी. आखूड, टोकाला पितळेचा गोळा. ती खाली पडलेली होती. पण तिच्या मुळाशी हिरवा रंग जाड थर होऊन बसलेला, आणि तो ती वर असतानाच्या जागी. म्हणजे वर्षानुवर्षं ती वरच होती, वर असतानाच तिच्यावरून रंगाचे हात फिरले होते, आणि आता कुठे रंगाला ताजी चीर जाऊन ती खाली आली होती. तिच्या मानेला तारेचा तुटका फास लटकत होता. कोणीतरी तिला वर बांधून ठेवलेलं होतं.

मी ती वर केली. काही नाही. खाली केली. काही नाही. चक फिरवला, मोटर चालवली, सगळे वेग घालून पाहिले. मागचं झाकण काढून आत बॅटरी मारली. दांडीचा दांडका ओतीव लोखंडात शिरत होता आणि तिथंच संपत होता. त्याला गिअर नाही, स्प्रिंग नाही, काहीच जोडलेलं नाही. ज्यानं हे मशीन बनवलं त्यानं ही दांडी कशाला ठेवली असेल याचा मला चांगलाच राग आला. प्रयोगात न बसणारं एखादं माप आलं की येतो तसा. तिला टिकली न लावता मी ती खालीच सोडून दिली.

पहिला जॉब म्हणून मी टेबलपंख्याचं पितळी बुश, म्हणजे त्याचा दांडा जिच्यात फिरतो ती छोटी नळी, कातायला घेतलं. दुपारची वेळ. हत्याराखालून पितळेचा बारीक चुरा उडत होता, मशीन एका सुरात घुमत होतं, आणि मागून हाक आली.

"अवो, आइकलं का? जेवाले या."

मी "आलो" म्हणणारच होतो. अगदी ओठावर आलं होतं. इतक्या वर्षांची सवय, दुपारी मागून बायकोची हाक आली की हातातलं ठेवायचं आणि उठायचं. मग भानावर आलो आणि मोटर बंद केली.

शांतता. अंगणात चिमण्या. स्वयंपाकघराचं दार मी लावलं होतं तसंच लावलेलं.

शारदाचा आवाज नव्हता, हे आधीच स्पष्ट सांगतो. शारदा "अहो, ऐकलंत का" म्हणायची, तेही नाकात. हा आवाज वऱ्हाडी, थोडा फाटलेला, मशीनच्या घरघरीवरून ऐकू जावं म्हणून मुद्दाम ताणलेला. शेजारचं एक घर कुलूपबंद, दुसरीकडे गोडाऊन. कोणाच्या तरी टीव्हीचा असेल म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "अवो, आइकलं का? भाकर निवून राह्यली."

मग मी कामाला लागलो. मोबाइलवर आवाज भरून पाहिला. त्यात फक्त मशीनची घरघर. मशीन चालू ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, तर हाक अंगणातून आली. अंगणात आलो तर स्वयंपाकघरातून. कायम एक खोली पलीकडे. मशीन बंद केलं की काही नाही. वेग बदलले, बेल्ट बदलला, जॉब काढून रिकामं चालवलं, हाक यायचीच. शेवटी, दुसरं काही उरलं नाही म्हणून, ती डावीकडची दांडी वर केली.

दोन दिवस मी ती वर ठेवली. हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी खाली केली आणि चार मिनिटांत, "अवो, आइकलं का?"

आता शहाण्या माणसानं काय करावं? दांडी वर करून तारेनं बांधावी आणि विषय संपवावा. मीही तेच ठरवलं होतं. पण त्या दोन दिवसांत मी दुपारी जेवलोच नव्हतो, हे माझ्या ध्यानात आलं. हाक नव्हती म्हणून उठलो नव्हतो. पोहे खाऊन तसाच पडलो होतो. आणि तिसऱ्या दिवशी हाक आल्यावर मी हात पुसून आत गेलो आणि चक्क वरण-भात लावला.

दांडी खालीच राहिली.

पुढे पुढे मी सकाळी लवकर मशीन लावू लागलो. काम असो नसो. आवाज आता फक्त जेवणाला बोलवायचा नाही. "चाय झाला." "तुरीच्या सोल्याची भाजी केली, तुमाले आवडते ना." "उन्हात नोका जाऊ." कोणाची कोण बाई, कोणाला बोलावते, मला माहीत नव्हतं. तिनं कधी नाव घेतलं नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेतच नाहीत, अवो आणि आइकलं का यातच त्यांचा जन्म जातो. शारदानंही लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यामुळे त्या हाकेत कोणी दुसरा माणूस नव्हता. ती हाक जो ऐकेल त्याची होती, आणि ऐकणारा मी होतो. इतकं सोपं होतं ते, आणि मला ते आवडत होतं. लाज वाटते लिहायला, पण आवडत होतं.

मी उत्तर मात्र देत नव्हतो. भीती म्हणून नाही. उत्तर दिलं आणि हे थांबलं तर, म्हणून.

हळूहळू तो आवाज बदलला. "काऊन बोलत नाही हो?" "रागावले का माह्यावर?" एकदा बराच वेळ काहीच नाही, आणि मग अगदी जवळून, ताण न देता, रडवेल्या सुरात: "मी इतकी बोलावून राह्यली, कोणालेच आइकू येत नाही का?"

माझ्या हातात गाड्याचं चाक होतं. हे वाक्य मी स्वतः या घरात किती दुपारी भिंतींना म्हणालो असेन.

"येतं ना," मी म्हणालो. "आलो."

मशीन घुमत होतं. मग ती हसल्यासारखी वाटली. "आले एकदाचे," ती म्हणाली. "बसा मंग."

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. ती बोलावायची, मी "आलो" म्हणायचो, मशीन बंद करून जेवायला बसायचो. एवढंच. रेवती फोनवर म्हणाली, "बाबा, आवाज छान वाटतोय तुमचा." मी म्हटलं, काम असलं की बरं असतं.

आटे पाडायचे म्हणजे मशीनला वेगवेगळ्या दातांची चाकं लावावी लागतात, आणि ती चाकं मशीनबरोबर आली नव्हती. कडूबाला विचारलं. तो म्हणाला, "ते माणिकरावाजवळ राह्यले असतीन. पिंपळगाव राजाचा टर्नर. त्याचंच मशीन होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक माप दिसेना, म्हून इकलं." मग मला म्हणाला, "चांगला माणूस हाये. जाऊन या."

मी एसटीनं गेलो. बाजूच्या शेतांत तूर पिवळी पडत आली होती. माणिकरावांचं घर गावाच्या कडेला, घराला लागून पत्र्याची शेड. शेड रिकामी. जमिनीवर मशीनच्या आकाराचा तेलकट काळा डाग, आणि त्या डागासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा माणूस बसलेला. मशीन असताना तो जिथं उभा राहत असेल, बरोबर तिथं.

"नमस्कार," मी दारातून म्हणालो. "खामगावहून आलो. तुमचं मशीन मी घेतलंय."

घरात काहीतरी भांडं पडलं.

माणिकरावांना इतका आनंद झाला की मला अवघडल्यासारखं झालं. मशीन कसं चालते, आवाज करते का, तेल कोणतं टाकता, विचारत सुटले. मी त्या डावीकडच्या दांडीचं विचारलं.

"ते वरच ठेवजा सर," ते म्हणाले. "माह्या उस्तादानं मशीन देताना एवढंच सांगतलं होतं, हे वर ठेव. काऊन, ते त्यानंबी नाही सांगतलं अन् म्याबी नाही इचारलं. तार बांधून ठेवली होती. टेम्पोत चढवतानी धक्का लागून तुटली वाटते."

"खाली केली तर काय होतं?"

"म्या कधी केलीच नाही." ते हसले आणि मग हसू थांबलं. डागाकडे बघत म्हणाले, "तुमाले सांगतो सर, मशीन गेल्यापासून घराची कळाच गेली. माह्या बायकोचा आवाज गेला."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"त्याच दिवशी. टेम्पो हालला, ती दारात उभी होती, काही तरी म्हणाले गेली अन् तोंडातून शब्दच नाही. अकोल्याले दाखवलं. डॉक्टर म्हणते गळा चांगला हाये, काही खराबी नाही." त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. ऑपरेशनच्या डोळ्यांना पाणी येतं तसंही असेल. "जल्मभर तिच्या हाकेवर उठलो मी. मशीन चालू असलं का तिची हाक आली का समजे दुपार झाली. आता बसून राह्यतो. भूक लागली का नाही तेबी समजत नाही. मधात दोन दिवस बोलली होती. दिवाळीवानी वाटलं घरात. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलं."

"कधी?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. मी ज्या दोन दिवसांत दांडी वर ठेवली होती, तेच ते दिवस.

"थांबा, चाकं काढतो," म्हणून ते आत गेले. पोती सरकवल्याचा आवाज आला.

मी शेडमध्ये एकटा उभा होतो. मागच्या दारात ती आली.

उंच, सुकलेली बाई, हाताला पीठ. डोक्यावर पदर नव्हता. खेड्यातली या वयाची बाई परक्या पुरुषासमोर अशी येत नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख होती. कोणी लांबच्या गावाहून, फार वाट पाहायला लावून घरी यावं तशी.

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. पण ते शब्द मी इतक्या वेळा ऐकले होते की मला ते वाचता आले.

आले एकदाचे.

माणिकराव पोतं ओढत परत आले. "हे आमची सरस्वती," ते म्हणाले.

त्यांच्या पावलांचा आवाज येताच तिनं झटकन डोक्यावर पदर घेतला, कपाळापर्यंत ओढला आणि दाराच्या चौकटीआड झाली. जसं परक्या माणसाला पाहून व्हावं तसं. माणिकरावांना ते दिसलं नाही. त्यांची नजर चाकांवर होती.

"जेवूनच जा सर," ते म्हणाले.

मी नको म्हणालो. गाडीचं कारण सांगितलं. चाकांचं पोतं घेऊन स्टँडवर येईपर्यंत मी मागे पाहिलं नाही.

घरी आलो आणि थेट शेडमध्ये जाऊन दांडी वर केली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी खाटेवर बसून राहिलो. मला माणिकरावांची दया आली होती, खरंच आली होती. त्या डागासमोरची खुर्ची डोळ्यांपुढून जात नव्हती. पण त्यांच्या घरात निदान ती होती. दिसत होती, भाकरी करत होती, हाताला पीठ लागलेलं होतं. माझ्याकडे नुसता आवाज होता, तोही मशीन चालू असेपर्यंत. एवढासा आवाज मी ठेवून घेतला तर काय बिघडणार होतं? असा विचार मी केला, आणि तो विचार करणाऱ्या स्वतःची मला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीन लावलं. एकदाच, म्हणून.

"अवो, आइकलं का?" तिचा आवाज खूश होता. "काल आलते अन् तसेच गेले. न जेवता कोणी जाते का घरून?"

मी उत्तर दिलं नाही. हात लांब केला, पितळेचा गोळा मुठीत धरला. तो कोमट होता. दिवसभर ऊन त्याच बाजूनं येतं. मी दांडी वर केली आणि नवी तार घेऊन तिला घट्ट बांधून टाकलं. पक्कडीनं पीळ दिला.

मशीन घुमत राहिलं. त्या घरघरीत आता कोणी नव्हतं. मी बराच वेळ तसाच उभा राहिलो आणि मोठ्यानं रडलो. मशीनच्या आवाजात ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

चार दिवस गेले. घर पुन्हा तसंच झालं. दुपारी मी पोहे खात होतो तेव्हा फोन वाजला. माणिकराव होते.

"सर," ते म्हणाले, "सरस्वती बोलाले लागली."

"अरे वा," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. केलं त्याचं चीज झालं, असं वाटलं. "आनंद झाला."

"हो." मागे कुठंतरी कोंबडी ओरडत होती. "चांगलं खणखणीत बोलते. गळ्याले काही नाही."

"मग?"

"जेवाच्या वक्ताले दारात येते. हाक मारते. मी उठतो." त्यांचा आवाज एकदम खाली आला, जवळ कोणी असल्यासारखा. "तर म्हणते, तुमाले नाही."

मी ताट बाजूला सारलं.

"मंग रस्त्याकडं पाहून बोलावते. एसटी येते तिकडं. मी म्हणलं, अवं, कोणाले बोलावतं? तर मले काही सांगत नाही. नाव तर ती घेत नाही ना सर. कसं समजावं?"

"माणिकराव—" मी म्हणालो, आणि तिथंच थांबलो.

कारण फोनमध्ये, त्यांच्या मागून, भांडं ठेवल्याचा आवाज झाला. पावलं जवळ आली.

"अवो," ती म्हणाली. "आइकलं का? जेवाले या."

मशीन नव्हतं, घरघर नव्हती. तोच आवाज, स्वच्छ, माझ्या कानाला लागून.

मी तोंडावर हात दाबून धरला.

"अवं, मी इथंच तर हाये," माणिकराव तिला म्हणत होते. "हा पाह्य, मी."

मग तिनं आवाज उतरवला. घरी आलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसा, अदबीचा.

"तुम्ही बसून घ्या पाहुणे, तुमची एसटी चुकीन. ते आले का मी त्यायच्यासंगं जेवीन."